आसू होते का?

आमच्या भागात कुणी "चित्ता पाहिला" म्हणत धापा टाकत आला, की नाकेदारबाबा त्याला कुठे, केव्हा, काहीही विचारायचे नाहीत. विचारायचे एकच. "आसू होते का?" माणूस बावचळायचा. मग बाबा स्वतःच्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठापर्यंत बोट ओढून दाखवायचे. "चित्त्याच्या तोंडावर अशी काळी रेघ रायते. रडल्यावानी. नव्हती ना? मंग बिबट होता तो. जाय, बकऱ्या आत बांध."

नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा शेवटच्या पायरीवरचा माणूस. वरचे साहेब बदलत राहतात, रानात पाय याचेच झिजतात. सौंसर-पांढुर्ण्याकडे बिबट्याला सर्रास चित्ता म्हणतात. शाळेतले मास्तरही म्हणत. मीही म्हणत होते.

म्हणत होते एवढंच नाही, छापून वाटत होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट; वीस वर्षांची होते आणि सगळ्या जगावर रागावलेली. पांढुर्ण्याच्या छापखान्यातून पाचशे पत्रकं काढली होती. वर ठळक मथळा, "आपल्या जंगलातला चित्ता वाचवा!" उद्गारचिन्हं खरं तर तीन होती. सौंसरच्या बसस्टँडवर लोक पत्रक घ्यायचे आणि त्यात फुटाणे बांधायचे. पूर्ण वाचणारा पहिला माणूस भेटला तो खाकी शर्टातला, वरचं बटण तुटलेला. तेच हे नाकेदारबाबा. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "पोरी, मेलेल्याले वाचवून राह्यली का तू?"

मी उसळले. खात्याचा निष्काळजीपणा, सरकारची झोप, सगळं ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "खात्याले शिव्या दे, पण खरं लिवून दे. चित्ता आपल्या देशातून कवाच खपला. इंग्रज गेला, त्याच टायमाले. कोणाले समजलं बी नाही. काहून? नाव राह्यलं ना! बिबट्याले चित्ता म्हणत राह्यलो, अन् वाटलं चित्ता हाय. उद्या बिबट खपला, तं मांजरीले चित्ता म्हणू."

त्याच बाकावर बसून आम्ही पाचशे पत्रकांवरचा "चित्ता" खोडला आणि "बिबट्या" लिहिलं. निम्मी त्यांनी खोडली. त्यांचं पेन गळत होतं, बोटं निळी झाली. खोडता खोडताच म्हणाले, "म्याबी बारा वर्सं रजिस्टरात चित्ताच लिवला. मंग एका साहेबानं विचारलं, आसू होते का? बारा वर्सं, पोरी. नसलेलं जनावर मोजत होतो, अन् असलेलं सोडत होतो." ही चूक ते कुणालाही सांगत. लपवण्यासारखं त्यांना त्यात काही वाटत नसे. दुसऱ्याने तीच करू नये, एवढंच.

पुढच्या थंडीत तिगावला एका विहिरीत बिबट्या पडला. मी पोचले तेव्हा काठावर शंभरेक माणसं, प्रत्येकाच्या हातात दगड. खाली तो कपारीला पंजे रोवून अर्धा पाण्यात लटकलेला. मी पत्रकातली वाक्यं ओरडू लागले, कायदा, शिक्षा, निसर्गाचा तोल. कुणी ढुंकून पाहिलं नाही. एक दगड माझ्या कानाजवळून गेला आणि पाण्यात पडला.

बाबा आले ते सायकल टाकूनच धावले. "गोटमारीची जत्रा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असते बे! आज काहून दगड?"

विहिरीची मालकीण पदर खोचून पुढे आली. "दोन बकऱ्या खाल्ल्या ह्या चित्त्यानं. तुमी काय त्याची आरती करून राह्यले?"

"कोण म्हणलं चित्ता?" बाबा काठावर ओणवे झाले. मला वाटलं, आता नेहमीचा धडा देतात. बराच वेळ त्यांनी खाली पाहिलं. मग वळून ओरडले, "हायेत! आसू हायेत!"

मी थिजले. बाबा सांगत होते, "अख्ख्या देशात चित्ता उरला नाही. एकच उरला, अन् तो तुमच्या तिगावच्या विहिरीत! मारा आता. उद्या लोकं इचारतीन, शेवटचा चित्ता कोणी मारला? तं सांगा, आमी मारला."

एकाने दगड खाली ठेवला, मग दुसऱ्याने. मालकीण हळूच म्हणाली, "आमच्याच विहिरीत?"

"तुह्याच. आता बाज आण, माय, अन् मोटेचे नाडे."

मघाशी दगड धरलेल्या हातांनीच नाडे धरले. दोरांना बांधलेली खाट खाली गेली, बिबट्या तिच्यावर चढला, माणसांनी दुरून ओढायला सुरुवात केली. काठाशी येताच पिवळा लोळ उडाला आणि संत्र्याच्या बागेत दिसेनासा झाला. नाडे टाकून सगळे पळाले, मी सगळ्यांच्या पुढे. नंतर हसू आवरेना. मालकीण तर पोट धरून हसत होती.

परतताना मी म्हटलं, "बाबा, खोटं बोललात."

"व्हय. उद्या खरं सांगून येतो."

आणि खरंच गेले. दुसऱ्या दिवशी तिगावात घरोघर फिरून सांगत होते, बिबट होता, आसू नव्हते. मालकिणीने त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या आणि चहाही पाजला. रजिस्टरात त्यांनी मला दाखवून लिहिलं: "बिबट, एक. आसू नाही. जित्ता." मग स्वतःशीच हसले. "पाह्य, चित्ता नाही, जित्ता."

निवृत्त होऊन ते लेकीकडे निघाले तेव्हा पांढुर्णा स्टेशनवर मी सोडायला गेले. एक ट्रंक, एक वळकटी. गाडीच्या दारातून म्हणाले, "तू लय वाचतं. खरा आसूवाला कुठं हाय का अजून?"

"आहे बाबा. आफ्रिकेत आहे. इराणात थोडे उरलेत. पण कमी होताहेत."

त्यांनी डोळे मिटले. वर्षानुवर्षं डोक्यावर असलेला भारा कुणी उतरवून घ्यावा तसे खांदे खाली आले. "हाय म्हणजे! बरं झालं बाई. मले वाटे, सगळीकडूनच गेला."

गाडी हलली. मी सोबत चालत विचारलं, "मग पत्रक काढू त्याच्यावर?"

"काढ ना! जित्ता हाय तंवर लिव. मंग लिवून काय करतं?"