फायनलची कॅसेट

"सरका रे, माझा गडी दिसत नाही!"

कबड्डीच्या मैदानाकडेला पिंपावर उभे राहून मामा ओरडायचे. खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा, कमरेला लटकवलेला जड रेकॉर्डर. दोन्ही संघांतले चौदाही खेळाडू त्यांचे 'माझे गडी'. संपाच्या दिवसांत तुम्ही लालबाग-परळच्या मैदानांवर असाल, तर त्यांच्या शिव्या तुम्हीही खाल्ल्या असतील.

मामा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. संपात साचे बंद पडले, तेव्हा आखातातल्या भावाने पाठवलेल्या कॅमेऱ्यावर घर चालू लागलं. सामने टिपायचे आणि त्यांच्या कॅसेटी विकायच्या, हा हक्क मंडळांनी फक्त त्यांनाच लेखी दिला होता. मूळ कॅसेटी ते माझ्या व्हिडिओ लायब्ररीच्या कपाटात ठेवायचे. "तुझ्याकडे आहेत म्हणजे माझ्याच घरात आहेत," म्हणायचे.

आणि मी त्यांच्या प्रती चोरून उतरवायचो. चोर इतका हुशार, की 'ही कॅसेट कुणी उतरवू नये' ही मामांच्या आवाजातली सुरुवातीची ताकीदसुद्धा इमानेइतबारे उतरवून घ्यायचो.

त्या वर्षीच्या फायनलची एक चोरटी प्रत मी वरळी कोळीवाड्यात भाड्याने दिली. दुसरी कुणाच्या तरी लग्नाच्या जुन्या कॅसेटीवर काढताना दोन मशिनांच्या वायरी उलट्या जोडल्या आणि मूळ कॅसेटीवरच त्या लग्नाची पंगत छापली गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा धापा टाकत आले. "फायनल काढ लवकर. बँकेच्या साहेबाला आपल्या चढाईवाल्याचा खेळ बघायचाय. पाचला बँकेच्या संघातल्या भरतीची यादी बंद. नोकरीला नाही लागला, तर परवा बायकापोरं घेऊन गावी निघालाय तो. कायमचा."

मी कॅसेट लावली. पडद्यावर जिलेबी वाढायला घेतली होती.

मी सगळं ओकलो. मामांनी हात उचलला नाही, घड्याळ बघितलं. तीन वाजून गेले होते.

"ती भाड्याने दिलेली कुठाय?"

आम्ही टॅक्सी पकडली. "मामा, शिव्या तरी द्या," मी म्हणालो.

"तोंड बंद ठेव."

कोळीवाड्यातल्या त्या घराच्या दारात चपलांचा ढीग, आत मामांचीच फायनल चालू. प्रत्येक पकडीला आरडाओरडा.

"ही कॅसेट हवीय. आत्ता," मामा म्हणाले.

घरची म्हातारी पदर खोचून उठली. "तू कोन रे बाबा? कोनी पन येल नि मागेल, त्याला देऊ? भाड्याची हाय. हा बघ मालक हुभा हाय. तो बोलला तर देते."

बोट माझ्याकडे.

"अहो आजी, खरे मालक तर..." मी सुरुवात केली. मामांनी माझा दंड दाबला. समजावत बसायला वेळ नव्हता. ते माझ्याकडे वळले आणि भरल्या घरासमोर म्हणाले, "मालक, कॅसेट न्यायची परवानगी द्या."

त्याआधी त्यांनी मला 'ए' सोडून कधी हाक मारली नव्हती. मी मान हलवली.

पाचाच्या आत ती साहेबासमोर लागली. महिन्याभराने चढाईवाला पेढे घेऊन दुकानात आला आणि माझ्या पायाशी वाकला. "मामा म्हणाले, कॅसेट तुम्ही दिलीत."

मी बाहेर पाहिलं. मामा समोरच्या फुटपाथवर त्याची वाट बघत उभे होते. मी हात केला. त्यांनी पाहिलं, आणि बसथांब्याकडे चालू लागले.

माझ्या दुकानाची पायरी ते त्यानंतर कधी चढले नाहीत.