नेताजींची मुलाखत आणि आईची अंगठी

निवडणूक आली की आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुटीत एकच वाद पेटतो. नेत्यांनी प्रचारात टीव्हीवर मुलाखती द्याव्यात की नाही? जन्मात कधी साहेबाला उलटून 'का' म्हटलं नाही असे लोक डब्याचं झाकण आपटून ओरडतात, "द्यायलाच पाहिजे! जाब द्यायलाच पाहिजे!" मी मुकाट्यानं माझी भाजी-पोळी खाते. एक मुलाखत आमच्या घरात झाली आहे. तेवढी मला जन्माला पुरली.

माझा धाकटा भाऊ इथल्या एका लहानशा चॅनलवर अँकर आहे. ही मुलाखत झाली तेव्हा तर त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते, आरशासमोर उभा राहून भुवया उडवायची प्रॅक्टिस करायचा. त्या निवडणुकीत एक नेताजी कुणालाच मुलाखत देऊन नव्हते राहिले. स्टुडिओत या म्हटलं की त्यांचा घसा बसायचा आणि सभेत मात्र भोंगा. मग अचानक निरोप आला. मुलाखत देतो, लाइव्ह देतो, पण तुझ्या घरी, तुझ्या आईच्या हातचा नाश्ता करत. भाऊ लगेच हरभऱ्याच्या झाडावर.

"अरे, लांडगा घरी येतो म्हणते, अन् तू पडदे धुवायले टाकून राहिला?" मी म्हटलं.

"ताई, तुले पत्रकारितेतलं काय समजते वं?"

त्याला एक प्रश्न विचारायचा होता आणि तो त्याचा नव्हता. आमच्याकडे भांडी घासायला गुढियारीच्या वस्तीतून एक बाई यायची. तिचा नवरा बीरगावकडच्या एका कारखान्यात भट्टी फुटून मेला. मालक म्हणाला, तो त्या दिवशी कामावरच नव्हता. कामावर नव्हता, तर भट्टीपाशी काय शेकोटी शेकत बसला होता मेला? आधीच्या निवडणुकीत हेच नेताजी तिच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, आले, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, चौकशी लावतो. निवडून आले आणि चौकशी गेली गंगेला. चौकशी झाल्याशिवाय तिचा नवरा कामावर मेला हे कुणी मानायला तयार नव्हतं.

"भैया, बस अतके पूछ दे, जाँच के का होइस," ती भावाला म्हणाली. चौकशीचं काय झालं, एवढंच. भावानं छातीवर हात मारून वचन दिलं. वर म्हणाला, त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहा आणि तुझ्या कानांनी ऐक.

त्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून आली. आई औक्षणाचं तबक घेऊन दारात.

"आई, तो पाहुणा नाही, उमेदवार आहे."

"उंबरठ्यावर आलेल्या माणसाले ओवाळू नको? काहून? आपण काय जनावरं आहो?"

आमच्या आईचं हे असंच. विदर्भ सोडून हयात गेली या हिंदी मुलखात, बूढापाऱ्यात, पण घरात साप निघाला तरी आधी त्याला कुंकू लावेल. तबकात निरांजन, अक्षता, सुपारी आणि तिची सोन्याची अंगठी, लग्नात तिच्या आईनं घातलेली. सुपारी आणि अंगठी हातात धरून तोंडाभोवती ओवाळायची आणि परत तबकात ठेवायची, ही आपली रीत. तिनं ओवाळलं आणि ठेवली. नेताजींनी ती उचलली आणि करंगळीत घातली.

"अरे अम्मा, इतना प्यार!"

कॅमेरा सुरू होता. आईचा चेहरा उतरला, पण पाहुण्याच्या बोटातलं मागायचं कसं? "राहू दे, जाताना देईन तो," ती माझ्या कानाशी पुटपुटली. मला तेव्हाच त्याचं बोट पिरगाळावंसं वाटलं.

नेताजी पोहे खात गोड गोड बोलले. बालपण, आई, तळ्यातलं पोहणं. मग भावानं बाईच्या नवऱ्याचं नाव घेऊन सरळ विचारलं, चौकशीचं काय झालं? नेताजींचा घास हातातच राहिला. त्या क्षणी मला माझ्या भावाचा पहिल्यांदा अभिमान वाटला, खोटं का बोलू. बाईनं दाराची चौकट घट्ट धरली होती.

नेताजींनी सावकाश करंगळीतली अंगठी काढली आणि कॅमेऱ्यासमोर धरली.

"सवाल अच्छा है, भैया. पर पहले जनता ये देख ले. अम्मा ने थाली में सोना दिया मुझे. बेटे का कोई काम अटका होगा, घर-घर में होता है. पर मैं लेने वालों में से नहीं हूँ."

"सर, वो तो हमारे यहाँ रस्म..." भाऊ चाचरला.

"हाँ, लेने-देने की रस्म ही तो मिटानी है." नेताजी हसले, मान वळवून दारातल्या बाईकडे बघितलं. "ये बहन यहाँ काम करती है ना? गरीब का हक गरीब को." उठले आणि अंगठी तिच्या मुठीत ठेवली. ज्या डोक्यावर हात ठेवून शपथा घेतल्या, ते डोकं त्या नालायकाला ओळखूही आलं नाही! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलं आणि अंगणातल्या चेल्यांनी जयजयकार केला. मग नेताजी परत बसले, उरलेले पोहे खाल्ले आणि लिंबू मागितलं. आईनं लिंबू दिलं.

तो प्रश्न कुणालाच आठवला नाही. मोबाईलवर फिरत राहिली ती अंगठी. पाऱ्यातल्या बाया आईला विचारायच्या, "कितने तोले की थी, अम्मा?" चॅनलनं त्याच रात्री भावाला बजावलं, त्या भट्टीचं नाव पुन्हा काढशील तर घरी बस. नेताजी निवडून आले, हे सांगायला नकोच.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई नेहमीसारखी आली. मी माझ्या स्वभावाप्रमाणे हातच पुढे केला, "अंगठी दे. ती आईची आहे." तिनं नाही म्हटलं नाही. पदराची गाठ सोडली, पण अंगठी माझ्या हातावर ठेवली नाही. चहा पीत बसलेल्या भावासमोर ठेवली.

"भैया, ये ला राख ले. अउ मोर सवाल ला फेर पूछ दे."

अंगठी घे आणि माझा प्रश्न पुन्हा विचार. भावानं अंगठीकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. "अब नहीं पूछ सकता, दीदी," म्हणाला आणि टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेला. आतून नळाचा आवाज यायला लागला.

मग बाईनं अंगठी उचलली, पदराला पुन्हा गाठ मारली आणि भांडी घासायला बसली. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "नेऊ दे तिले," आणि पोहे भिजवायला घेतले.