पोळ्याला भरणारा गाण्यांचा बाजार

"हात आण इकडं."

तो भेटला की आधी हे. राम राम मागून. तुम्ही हात पुढं करेपर्यंत त्याच्या खांद्यावरचा टावेल तुमच्या मनगटावर पडलेला असे आणि खालून त्याची बोटं तुमची बोटं चाचपत असत. बैलबाजारात जन्मभर दलाली केली, त्याची ही खोड. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टावेलाखाली बोटं दाबायची, जितकी बोटं तितका आकडा, आणि चेहरा असा ठेवायचा की आपण पाऊस येतो का ते बघतोय. ज्यांनी बैलबाजार पाहिला त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांनी ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

पूर्णेत रुळांच्या पलीकडं आमची ओळीनं घरं. मी रेल्वेत गँगमन होतो, पूर्णा ते चुडावा रूळ ठोकत हयात गेली. शाळा चौथीपर्यंत. तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा. नाव लिहीत नाही. सगळे त्याला दलाल म्हणत. त्याची बायकोही आतून हाक मारायची, "दलाल, जेवायला या."

टावेल तो कुठंही टाकायचा. एकदा पोटात दुखलं म्हणून दवाखान्यात गेला. डॉक्टरीण नवी होती. तिनं विचारलं, किती दुखतंय? यानं तिच्या हातावर टावेल टाकला आणि तीन बोटं दाबली. ती ओरडतच उठली. मी मधे पडून समजावलं, बाई, तो पाचातले तीन सांगायलाय. ती म्हणाली, मग तोंडानं सांगा ना. दलाल म्हणाला, "तोंडानं सांगितलं तर तुमी भाव वाढवताल."

पोरीसाठी स्थळ बघायला गेलो तेव्हा मला सोबत नेलं होतं. पाव्हणे चहा देत होते आणि हा नवरदेवाला म्हणाला, "जरा आडापर्यंत जाऊन या." पोरगं बिचारं गेलं आणि आलं. दलालानं चाल बघून घेतली. मग कायतरी बोलून त्याला हसवलं आणि दात बघितले. घरी येताना मला म्हणाला, "पुढचा डावा पाय जरा आखडतोय, पण जू वढील." संसार चांगला चाललाय त्या पोरीचा.

आता कॅसेटीचं सांगतो. त्याचा भाचा आखातात कामाला गेला होता. ऐंशीच्या पुढच्या सालात कधीतरी तो सुट्टीवर आला आणि मामाला टेप देऊन गेला. आत एक कॅसेट होती. इंग्रजी. आम्हा कुणाला एक शब्द कळत नव्हता. पेटी नाही, तबला नाही, सगळं मशीनचं. वरच्या कागदावर चार पोरं उभी, केस सगळे एका डोळ्यावर आणलेले, डोळ्यांत काजळ. दलालानं फोटो उन्हात धरून बघितला आणि म्हणाला, "ह्यांचा पोळा झालेला दिसतोय."

भजनाच्या, भारुडाच्या कॅसेटाही त्याच्याकडं होत्या. त्या शेजारपाजारचे मागून न्यायचे आणि परत आणायचे नाहीत. ही कुणीच मागितली नाही, म्हणून राहिली.

पोळ्याला कुणी बैल विकत नाही. त्या दिवशी बैल म्हणजे देव, त्याचा भाव करायचा नसतो. त्यामुळं दलालाच्या हाताला त्या दिवशी काम नसे आणि बोटं वळवळायची. सकाळपासून गल्लीत येरझारा घाले. एका पोळ्याला जेवणं झाल्यावर टेप घेऊन माझ्या ओसरीवर आला आणि म्हणाला, "बस. आज गाण्याचा बाजार करू."

गिरणीवाल्यालाही हाक मारली. समोरच त्याची पिठाची गिरणी. पट्ट्याच्या आवाजानं त्याचे कान तरुणपणीच गेलेले. तो गाणं ऐकायचा म्हणजे टेपवर तळवा ठेवून बसायचा आणि डोळे मिटायचा. धक्का चांगला लागला की गाणं चांगलं. आधी मार्क तोंडानं द्यायचे ठरलं, पण दलाल बोलला की गिरणीवाला त्याच्या ओठांकडं बघून तेच सांगायचा. म्हणून टावेल आला. पाच बोटं, पाच मार्क. दलाल प्रत्येकाचा हात घ्यायचा, मनात बेरीज करायचा आणि शेवटी म्हणायचा, "सौदा झाला." मग पुढचं गाणं.

इंग्रजी येत नव्हतं म्हणून गाण्यांना नावं आम्हीच दिली. एक नळाचं, त्यात टप टप चालायचं. एक मालगाडीचं. ते मला आवडायचं, पण त्यात एक सांधा ढिला होता, दर खेपेला त्याच जागी खटका बसायचा. मी त्याला तीन दिले. दलालाच्या अंगात बाजार भिनलेला. जे आवडलं त्याला आधी नावं ठेवायची, हा त्याचा धर्म. तोंडावर आवड दिसली की भाव चढतो. म्हणून गाणं चालू असताना मान डोलायची आणि संपलं की खोड काढायचा. "गळा हाय, वशिंड न्हाई." "लय उड्या मारतंय, औताला टिकायचं न्हाई." "चाल बरी हाय, पण मधीच बसतंय."

माझी बायको उंबऱ्याच्या आत बसून निवडत-टिपत ऐकायची. एक गाणं झालं की आतून आवाज आला, "आन माझे मार्क?"

आता आली का पंचाईत. परक्या माणसाच्या हातात हात कसा देणार? दलालानं विचार केला आणि निकाल दिला, "वहिनीनं तुझ्या हातात द्यावं, तू माझ्या हातात दे. माल एका हातातून दुसऱ्या हातात जातोच की."

मग ती उंबऱ्यापाशी सरकली. पदर माझ्या हातावर टाकला आणि खालून बोटं दाबली. चार. अंगठ्यापासून धरायची, करंगळी सोडून. मी तीच दलालाच्या हातात दाबली. पुढच्या गाण्यालाही चारच. पाच तिनं कशालाच दिले नाहीत. मी पगार हातात ठेवला तरी म्हणायची, बरं हाय. एकदा मी विचारलं, करंगळीनं काय घोडं मारलंय तुझं? म्हणाली, "समदं दिलं की माणूस माजतंय."

आमच्या पिढीत नवरा-बायको रस्त्यानं चालले तरी मधे दोन माणसं जातील एवढं अंतर असायचं. चारचौघांत तिनं माझा हात धरला तो फक्त पोळ्याला, मार्कासाठी.

दर पोळ्याला बाजार भरायचा. तीच कॅसेट, तीच गाणी, पुन्हा मार्क. दलालाचं म्हणणं, वर्षानं जनावर म्हातारं होतं, भाव उतरलाच पाहिजे, तसा गाण्याचाही उतरला पाहिजे. "एक वरीस झालं. एक बोट कमी करा." आम्ही करायचो, मग पुढच्या वर्षी लाजून परत वाढवायचो. बायको कधीच कमी करायची नाही. दलाल ओरडायचा, "वहिनी, तुमी बाजार मोडायलाव." ती आतून म्हणायची, "भावजी, तुमी म्हातारे व्हायलाव, गाणं न्हाई."

शेवटचं गाणं तिचं होतं. त्यात धक्का नव्हता, त्यामुळं गिरणीवाला कंटाळून हात काढून घ्यायचा. मागं मशीनचा एकच लांब सूर, तारेच्या खांबाला कान लावल्यावर येतो तसा, आणि एकटा माणूस सावकाश गातो. मी म्हणालो, हे रडकं आहे. ती म्हणाली, "रडकं न्हाई. त्यो कुणालातरी बोलवायलाय, आन ती येईना." तेव्हापासून त्याचं नाव रुसलेलीचं. तिचे चार, ठरलेले. माझे तीन. दलालाचे दोन. दरवर्षी दोनच. "दात पडल्यात ह्याचे," म्हणायचा. पण ते लागलं की पलीकडून मालगाडी येताना दिसली तर आधीच टेप बंद करून ठेवायचा. गाडी पूर्ण जाऊ द्यायचा आणि मग पहिल्यापासून लावायचा. बाकी कुठल्या गाण्याला ही सवलत नव्हती.

दोन वर्षांमागं बायको गेली. आजार थोडाच झाला. त्यावर जास्त लिहीत नाही, मला येत नाही.

लोक भेटायला यायचे आणि बोलायचे. चांगलं मरण आलं म्हणायचे. मी एकाला म्हटलं, तुला पाहिजे का? तेव्हापासून येणं कमी झालं. दलाल रोज यायचा, पण टावेल टाकत नव्हता. नुसता बसायचा आणि माझ्या चहाला नावं ठेवून जायचा.

पोळा आला. मी त्याला चार दिवस आधीच सांगून ठेवलं होतं, यंदा बाजार नाही. जेवणवेळ टळली तसा तो आला. खांद्यावर टेप, हातात फडक्यात बांधलेल्या पुरणपोळ्या, मागं गिरणीवाला.

मी म्हटलं, "माझं माणूस गेलं आन तू टेप घेऊन आलास व्हय रे?"

"पोळा थांबलाय का?" म्हणाला. फडकं माझ्यापुढं ठेवलं. "जाड झाल्यात. ढोराला घालणार हुतो, म्हटलं तुला द्यावं."

मी खाल्ल्या. पातळ होत्या, तुपानं माखलेल्या.

गाणी लागली. कॅसेट आता पार थकलेली, फीत ताणून सूर जाडे झालेले, चार पोरं म्हातारी होऊन गात असल्यासारखी. नळाचं झालं, मालगाडीचं झालं. माझं लक्ष नव्हतं. उंबरा मोकळा होता. मला एकच धास्ती होती, शेवटचं गाणं. सवयीनं दलाल म्हणणार, वरीस झालं, एक बोट कमी करा. माझ्या मार्कांचं काही नव्हतं. तिचे चार कुणी कमी केले असते तर मी टेप उचलून रुळावर ठेवणार होतो.

रुसलेलीचं लागलं. संपलं.

दलालानं टावेल काढला. गिरणीवाल्याचा हात घेतला, माझा घेतला. मी तीन दिले. मग गिरणीवाला मोठ्यानं म्हणाला, बहिऱ्याला हळू कुठं येतंय, "आता तिघंच हाव. वहिनीचे सोडून देऊन बेरीज करावं लागंल."

माझ्या डोक्यात सणक गेली. मी उठायला लागलो तर दलालानं टावेलाखालून माझं मनगट धरून ठेवलं.

"का सोडावं?" तो म्हणाला.

"माणूसच न्हाई तर मार्क कसले?"

"ज्यानं बोली दिली त्यानंच ती मागं घ्यायची. दुसऱ्याला हक न्हाई. बाजाराचा कायदा हाय."

गिरणीवाल्यानं विचार केला. "पण ती कशी मागं घेणार?"

"मंग न्हाई घेणार," दलाल म्हणाला. "चार ते चारच. आता कुणाच्या बापाला एक बोट कमी करता यायचं न्हाई. लय हुशार निघाली वहिनी."

गिरणीवाला हसला. मीही हसलो बहुतेक, कारण तोंडात खारट लागलं.

दलालानं माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. त्याचे स्वतःचे मार्क राहिले होते. माझा तळवा उलटा केला आणि बोटं दाबली. अंगठा. मग एक. इथं दोन झाले, इथं तो दरवर्षी थांबायचा. पुढचं बोट दाबलं. त्याच्या पुढचं. मग करंगळीही मुठीत घेतली आणि सगळा हात घट्ट धरून बसला. चेहरा आभाळाकडं.

"भिकार गाणं हाय," तो म्हणाला. "दात पडल्यात. चालतच न्हाई. सौदा झाला."

उन्हाळ्यात तो गेला. झोपेतच. त्याच्या बायकोनं माझ्या घराकडं बघून हाक मारली तेव्हाच कळलं, कारण तिनं दलाल म्हटलं नाही, त्याचं नाव घेतलं. दिवस झाल्यावर तिनंच टेप आणून माझ्या ओसरीवर ठेवला. "आमच्यात कोण ऐकतंय हे," म्हणाली. टावेलही त्यावरच घडी करून ठेवलेला.

यंदाच्या पोळ्याला गिरणीवाला आला. आम्ही दोघं बसलो. पोळ्या दलालाच्या बायकोनं पाठवल्या, आणि त्या खरंच जाड होत्या. गाणी लावली. शेवटचं लागलं आणि पलीकडून मालगाडी येताना दिसली. मी टेप बंद केला, गाडी जाऊ दिली, मग ते गाणं पहिल्यापासून लावलं. धक्का नसूनही गिरणीवाल्यानं तळवा काढला नाही.

गाणं संपलं. टावेलाखाली आम्ही एकमेकांना मार्क दिले. त्याचे एवढे, माझे एवढे. तिचे चार आहेत, दलालाचे पाच आहेत, मागं कुणीच घेतलेले नाहीत. बेरीज काही अवघड नव्हती.

गिरणीवाला मोठ्यानं म्हणाला, "मंग, सौदा झाला का?"

मी त्याला माझे ओठ दिसतील असं वळून सांगितलं, "कसा होईल? दलाल कुठं हाय?"

त्यानं मान हलवली. टावेल तसाच दोघांच्या हातावर राहू दिला. बाहेर बैल मिरवून परत यायला लागले होते.