विजयश्रीची सरासरी आणि सरांची सही

विजयश्रीचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं. मोशीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघी गणित शिकवायचो. ती निघोज्याची, शेतकऱ्याघरची. एमएस्सी करताना चाकणच्या एका कंपनीत तपासणीला होती, त्यामुळे ‘फर्स्ट पीस’ची रीत तिच्या अंगात मुरलेली. शिफ्ट लागली की मशिनचा पहिला नग मोजायचा, बरोबर निघाला की सही करून मशिन सोडायचं.

पीएचडीला तिनं गुणाकारी फलनांची सरासरी हा विषय घेतला. चहा पिता पिता मला समजावलं होतं. फलन प्रत्येक संख्येला एक किंमत देतं. संख्येचे गुणाकारात असे तुकडे पाडायचे की त्यांच्यात सामाईक अवयव नको. तुकड्यांच्या किमतींचा गुणाकार ती संख्येची किंमत. बाराची हवी तर चाराची आणि तिनाची काढून गुणायची. एकेक किंमत माकडासारखी उड्या मारते, पण ओळीनं सरासरी काढत गेलं की शांत होते. आपल्या फलनाची सरासरी शून्याच्या बरीच वर स्थिरावते, असा तिचा दावा होता. कॉम्प्युटरवर दहा कोटींपर्यंत रेघ सपाट आली. पहिले नग बरोबर म्हणजे सगळा माल बरोबर, असं या बाईनं धरलं आणि तिथंच फसली.

बहुतेक मूळ संख्यांपाशी किंमत एक होती, काहींपाशी त्याहून कमी. त्या विरळ, म्हणून त्यांची एकूण तूट आटोक्यात राहील, हे तिनं सिद्ध न करताच गृहीत धरलेलं. प्रबंध देण्याआधी तपासायला बसली, तर तूट वाढतच होती. गोगलगाईच्या चालीनं, पण न थांबता. म्हणजे सरासरी शेवटी शून्यावरच जाणार होती.

पदवी मिळाली तर नोकरी कायम, नाहीतर जूनपासून घरी. तरी ती विभागप्रमुखांकडे, यशवंतरावांकडे गेली. तेच तिचे मार्गदर्शक. मी सोबत होते.

“सर, दावा चुकलाय. सरासरी शून्य हाय.”

“दहा कोटींपर्यंत सपाट आहे ना? पुढं कोण बघायला जातंय? परीक्षक आपलेच आहेत. प्रबंधावर मी सही करतो, तूही कर.”

गणित त्यांना कळत होतं, याचीच मला जास्त चीड आली. न कळणाऱ्याला माफ करता येतं.

“कंपनीत मी पहिल्या नगावर सही करायचे,” विजयश्रीचा आवाज चढला, “कारण पुढचा माल बघायला तासातासाला माणूस यायचा. हितं पुढचं बघणारी मी एकटीच हाय. मी न्हाई करणार सही!”

जूनमध्ये तिला काढलं. कारण दिलं, पीएचडी नाही.

तिनं जुना दावा फेकून दिला आणि सरासरी शून्यावर जाते, हेच सिद्ध करून दाखवलं. एका नामांकित नियतकालिकानं तो लेख स्वीकारला. बातमी कळताच यशवंतरावांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “लेखावर मार्गदर्शक म्हणून माझं नाव टाकायचं राहिलंय, तिला सांग.” लाज कशी वाटत नाही माणसाला! मी तिथंच फोन लावून स्पीकरवर टाकला.

“टाकते की,” विजयश्री म्हणाली. “सरांनी ती सिद्धता एकदा फळ्यावर करून दाखवावी, मी येते बघायला.”

यशवंतराव म्हणाले, मला मीटिंग आहे.

विजयश्री सध्या भोसरीत नववीचे क्लास घेते. यशवंतराव आमचे विभागप्रमुख आहेत, आणि नव्या विद्यार्थ्यांना संशोधनातला प्रामाणिकपणा तेच शिकवतात.