अलिबागी घोरपड

बायको गेली, त्यानंतर तिच्या हाताची एखादी वस्तू घरात शोधत होतो. साड्या होत्या, भांडी होती. ती काय, बाजारातली. तिने रंगवलेलं लाकडी जनावर मात्र एकही नव्हतं. सगळी पोरांना वाटून मोकळी झालेली.

नव्वद सालानंतरची गोष्ट. दुबईत, बर दुबई भागात आमची एक खोली होती. मी फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये सुतार, शिक्षण चौथी. ती एका मॅडमची मुलं सांभाळायची. त्या मॅडमने देश सोडताना तिला चित्रांचं एक पुस्तक दिलं. मेक्सिकोतली लाकडी जनावरं. निळं मांजर, हिरवा बैल, अंगभर ठिपके नि रेघा. आम्हा दोघांना इंग्रजी येत नव्हतं. शेजारच्या पोरीने वाचून सांगितलं, तिथल्या खेड्यांत पुरुष लाकूड कोरतात आणि बायका रंगवतात. या जनावरांना म्हणतात अलेब्रिहे.

"काय, अलिबाग?" मी विचारलं. माझं गाव तिकडचंच.

बायको हसून लोळायची बाकी राहिली. "तरीच. असली विचित्र जनावरं तुमच्याकडेच व्हायची."

तेव्हापासून आमच्याकडे ती अलिबागीच.

मग दर शुक्रवारी, सुट्टी असायची तेव्हा, बिल्डिंगमधली मराठी पोरं जमायची. मी वर्कशॉपमधल्या उरलेल्या लाकडातून जनावरं कापून आणायचो, ती रंगवायला शिकवायची. आधी एकच रंग सगळीकडे. तो वाळला की काडीच्या टोकाने ठिपके. जागा मोकळी सोडायची नाही. ठिपक्याला ठिपका चिकटला की ओरडा.

"आंटी, कॅट्स आर नॉट ब्लू."

"तू गेला होतास का रे मेक्सिकोला? रंगव गुपचूप."

एकदा शेजारच्या पोरीचा ससा माझ्या हातून पडला, कान तुटला. पोरगी रडायची थांबेना. तेव्हा बायकोने स्वतःची घोरपड तिला देऊन टाकली. जांभळी, पाठीवर केशरी ठिपके. पुढे ती माणसं शारजाला राहायला गेली.

बायको गेल्यावर ती घोरपड मागायची म्हणून एका शुक्रवारी बसने शारजाला गेलो. पोरगी कॉलेजात जाणारी झालेली. मी काही बोलायच्या आधीच तिने घोरपड आणून हातात दिली.

"अंकल, रंग उडाला होता. आय फिक्स्ड इट. आंटीने शिकवलेलं तसंच."

"यातले तुझे ठिपके कुठले, आंटीचे कुठले?"

तिने उलटीसुलटी करून बघितली. "आय डोन्ट नो, अंकल. आता कळत नाही."

मी खिडकीपाशी नेली. चष्मा पुसून बघितली. इतकी वर्षं शेजारी बसून बायकोचे ठिपके पाहिलेला माणूस मी. एकही ओळखता येईना. राग आला. आधी पोरीचा, मग बायकोचा. एवढं चांगलं शिकवायची काय गरज होती?

घोरपड पोरीला परत दिली. चहा घेतला आणि निघालो.