राहिलेला डोळा

हॉटेलच्या बिझनेस लाउंजमध्ये पोरं न्यावीत की नाहीत, यावरचं कसलंसं भांडण परवा नणंदेच्या सुनेनं मोबाईलवर वाचून दाखवलं. एक म्हणतो, नेऊ नयेत, किरकिर करतात. दुसरा म्हणतो, पोरं काय दारात बांधून ठेवायची? मी म्हटलं, बंद कर बाई तो मोबाईल, माझ्या तोंडून भलतंसलतं निघेल.

आमचा पेणला गणपतीचा कारखाना. रंगकाम बाकीचे करतात, डोळ्यांची आखणी माझ्याकडे. सासूबाईंनी एक शिस्त हाताला लावून दिली. ब्रश टेकला की दोन्ही डोळे पुरे होईस्तोवर उठायचं नाही, बोलायचं नाही, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. देवाला एका डोळ्याचा ठेवायचा नाही. दारात पाहुणा आला तरी बसतो ताटकळत, आणि आमच्याकडे त्याचा कुणाला रागही येत नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी मुंबईचा एक व्यापारी मागे लागला होता. "ताई, मला फक्त तुमच्या हातचे डोळे हवेत," असं फोनवर दहादा. भेटायला बोलावलं कुठं, तर कोलाडवरून रोह्याकडे वळल्यावर, कंपन्यांत येणाऱ्या साहेबलोकांसाठी बांधलेल्या हॉटेलात. कारखान्यात सगळ्यांचे हात रंगात बुडालेले, तिसरीतल्या मुलीला ठेवू कुणाकडे? नेली बरोबर. तिनं नुकतीच आखणी शिकायला घेतली होती, आणि हात असा सरळ की सासूबाई असत्या तर दृष्ट काढली असती.

लाउंज म्हणजे थंडगार खोली, सोफे, कॉफी आणि हळू आवाजात बोलणारी माणसं. कोपऱ्यात फायबरचा पांढराशुभ्र गणपती, हल्लीच्या फॅशनचा, चेहरा कोरा. मुलगी कानात म्हणाली, "आई, ह्याचे डोळे राह्यलेत." मी "व्हय" म्हटलं आणि व्यापाऱ्याशी बोलायला लागले. तो पेणच्या परंपरेचं गोड गोड कौतुक करत होता.

मॅनेजरचा आवाज चढला तेव्हा मी वळले. मुलगी टेबलावरचा काळा मार्कर घेऊन गणपतीसमोर गुडघ्यांवर बसली होती. एक डोळा झाला होता, दुसऱ्याची रेघ अर्ध्यावर. मॅनेजर ओरडत होता आणि ही ढिम्म. ना वळली, ना बोलली. "काय निगरगट्ट मुलगी आहे," म्हणत त्यानं तिचं मनगट धरून तिला ओढलं.

"अहो, थांबा. दुसरा पुरा करू द्या तिला, मग काय बोलायचं ते बोला," मी म्हटलं. बाई खुळी आहे की काय, असे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅनेजरनं काउंटरवरचं सॅनिटायझर टिशूवर घेतलं आणि तिच्यादेखत तो डोळा पुसला. पेणच्या पोरीसमोर देवाचा डोळा पुसला. व्यापारी हळूच म्हणाला, "ताई, अशा ठिकाणी मुलांना आणायचं नसतं."

ज्याला माझ्या हातचे डोळे हवे होते, तोच हा माणूस. त्या डोळ्याकडे त्यानं एकदा वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. "तुमचा गणपती तुम्हालाच लखलाभ," म्हणून मी मुलीला उचललं आणि बाहेर पडले. एसटीत पेणपर्यंत ती एकच विचारत होती, "मी मधेच बोलले नाय ना आई? मग का ओरडले?"

आता विचाराल तर माझंही मत तेच. मुलांना तिथं नेऊ नये. त्या साहेबलोकांना त्रास होतो म्हणून नाही. जळो तो लाउंज आणि ती कॉफी.

मुलगी आता कॉलेजात जाते. पितांबर, शेला, दागिने, सगळं मन लावून रंगवते. आखणीला मात्र इतकी वर्षं बसली नव्हती. यंदा मीच म्हटलं, "बस गो बाय, तुझाच हात हाय तो." बसली. पहिला डोळा असा उतरला की माझं काळीज सुपाएवढं झालं. मग तिचा ब्रश थांबला. कुणी हाक मारली नव्हती, तरी ती दाराकडे बघत राहिली. शेवटी मी तिच्या हातून ब्रश घेतला आणि दुसरा डोळा पुरा केला.