सगळ्या दारांना पिशव्या

टेलर मास्तरांनी दुकान बंद केलं, पण मशीन विकलं नाही. उरल्यासुरल्या कापडाच्या पिशव्या शिवायच्या, मागच्या अंगणात पिकलेली भाजी त्यांत भरायची आणि गल्लीतल्या झाडून सगळ्या दारांना अडकवायची, हा त्यांचा म्हातारपणीचा उद्योग. वेल आपल्या भिंतीवर चढली म्हणून आकाशपाताळ एक करणाऱ्या वकिलांच्या दारालासुद्धा!

सुनेला हे मुळीच पटत नसे. वकिलांकडे दोन गाड्या, आणि समोरच्या ड्रायव्हरची नोकरी सुटलेली, त्याच्या पोरींची तोंडं सुकलेली. द्यायचं तर गरज बघून द्यावं की!

मास्तरांचा गुडघा धरला आणि वाटप तिच्याकडे आलं. तिने दुधी, टोमॅटो, घेवडा सगळं एकाच मोठ्या पिशवीत कोंबलं आणि थेट ड्रायव्हरच्या दाराला अडकवलं. त्या दिवशी ती स्वतःवर बेहद्द खूश होती.

संध्याकाळपर्यंत पिशवी तिथेच. आत धाकटी भुकेने रडत होती. शेवटी ड्रायव्हरची बायको पिशवी घेऊन आली.

"वहिनी, बाकीच्यांना विसरलात वाटतं," एवढं बोलून तिने ती परत दिली.

सून रडकुंडीला आली. "बाबा, माझं काय चुकलं? पोरी उपाशी आहेत हो!"

"अगं, सगळ्या गल्लीत एकाच दाराला पिशवी दिसली, तर त्या बाईने मान वर करून चालायचं कसं?" मास्तर म्हणाले आणि लंगडत मशीनवर जाऊन बसले.

सकाळी सून नव्या पिशव्या भरायला बसली. सगळ्या एका मापाच्या, एकाच चौकडीच्या. पण एक पिशवी काही भरेचना! दुधी गेला, टोमॅटो गेले, घेवडा गेला, तरी तिचं तोंड उघडंच. तिने पिशवी रिकामी केली आणि उलटी करून पाहिली. बुडाला आतून चुण्या घातल्या होत्या. भाजी पडेल तशा त्या उलगडत होत्या, आणि बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणता काही कळत नव्हतं.

म्हणजे मास्तर दर वेळी अशी एखादी पिशवी शिवत असणार. एवढी वर्षं ह्या घरात राहून तिला हे दिसलं नव्हतं!

"ही समोर," मास्तर सुईत दोरा ओवत म्हणाले.

थोड्या वेळाने ड्रायव्हरची बायको बाहेर आली. वकिलांच्या दाराकडे तिने एकदा पाहिलं, शेजारच्या दाराकडे पाहिलं. मग आपली पिशवी काढली आणि दुसरा हात बुडाला लावून, सांभाळून आत नेली.